पितळी फुंकनळीचा संच : खनिजे तापवून ओळखू पाहणाऱ्यांसाठी एक परीक्षण

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर मी खनिज-परीक्षेचा एक फुंकनळी-संच मागवला. हरियाणातील अंबाला हे प्रयोगशाळेच्या उपकरणांसाठी ओळखले जाणारे गाव आहे. तेथे तयार झालेला माल विकणाऱ्या एका दुकानदाराकडून टपालखर्चासह २,८५० रुपयांत तो पुण्यात घरपोच आला. पेटीत पितळी फुंकनळी, कोळशाच्या दोन विटा, नायक्रोमची तार, पोलादी चिमटा, निळ्या कोबाल्ट काचेचा तुकडा, स्पिरिटचा दिवा, लोहचुंबक, टाकणखार (बोरॅक्स), धुण्याचा सोडा, मायक्रोकॉस्मिक सॉल्ट (टाकणखाराप्रमाणेच मणी करण्याचा एक क्षार) आणि कोबाल्ट नायट्रेटचे द्रावण यांच्या बाटल्या आणि दहा खनिजांच्या नमुन्यांच्या कुप्या एवढे सामान होते. सुमारे आठ महिने वापरून झालेले माझे मत आधीच सांगून टाकतो: यातली नळी घेण्यासारखी आहे, परंतु ती दुरुस्त करून घ्यावी लागते, आणि उरलेल्या सामानापैकी निम्मे सामान घरात आणि बाजारात याहून चांगले मिळते.

ज्यांनी ही वस्तू महाविद्यालयातल्या कपाटात केवळ काचेआड पाहिली असेल त्यांच्यासाठी थोडे विवेचन आवश्यक आहे. फुंकनळी म्हणजे साधारण वीतभर लांबीची, तोंडाकडून टोकाकडे निमुळती होत गेलेली पितळी नळी. तिच्या खालच्या टोकाला एक लहानशी पोकळ डबी असते, जिच्यात आपल्या श्वासातली वाफ थंड होऊन साठते आणि ज्योतीत पाण्याचे थेंब उडत नाहीत. या डबीतून काटकोनात एक आखूड नळी बाहेर येते आणि तिच्या टोकाशी अतिशय बारीक छिद्र असते. चुलीपुढच्या फुंकणीचे काम निखाऱ्याला वारा घालण्याचे. या नळीचे काम मात्र ज्योतीला आडवी पाडून तिची सुई करण्याचे आहे. छिद्र ज्योतीच्या आत किंचित घुसवून फुंकले की निळी, टोकदार, ऑक्सिडीकरण ज्योत मिळते आणि तिच्या टोकाच्या जरासे पुढे धरलेला खनिजाचा कण हवेतल्या ऑक्सिजनसह तापतो. छिद्र ज्योतीच्या कडेबाहेर ठेवून हलके फुंकले की पिवळी, अर्धवट जळलेल्या कार्बनने भरलेली क्षपण ज्योत मिळते, जी खनिजातला ऑक्सिजन ओढून घेते. एकाच दिव्यातून या दोन परस्परविरुद्ध ज्योती हव्या तेव्हा काढता येणे, यातच या उपकरणाची सारी करामत आहे.

माझ्या संचातली नळी दिसायला देखणी होती, पण तिचे छिद्र जवळजवळ एक मिलिमीटर रुंद होते. ते त्याच्या निम्मे, फार तर अर्धा मिलिमीटर असायला हवे. छिद्र मोठे असले की हवा अधिक जाते, ज्योत फडफडते, तापमान चढत नाही आणि फुंकणाऱ्याचा दम मात्र लवकर संपतो. दुसरा दोष असा की डबी आणि नळी यांचा सांधा सैल होता आणि फुंकताना तेथून हवा निसटत असल्याचे गालाला जाणवत असे. सांध्यावर मेण लावलेला दोरा गुंडाळून मी तो घट्ट केला. छिद्रासाठी मात्र आमच्या पेठेतल्या सोनारकाकांकडे जावे लागले. त्यांनी टोक चांदीच्या डाकाने बुजवून त्यात नवे, केसाएवढे म्हणता येईल असे छिद्र पाडून दिले आणि मजुरी घेतली नाही, उलट "हे आता कोण वापरतं?" असे विचारून, त्यांच्या वडिलांच्या काळातली वाकडी फुंकनळी पेटीच्या तळातून काढून दाखवली. ती माझ्या नव्या नळीपेक्षा सरस होती. आता त्यांच्याही दुकानात गॅसची बंदूकच चालते.

या दुरुस्तीचा फरक किती पडला हे मोजायला एक जुने माप आहे. म्युनिकचे खनिजशास्त्रज्ञ फ्रांझ फॉन कोबेल, जे बव्हेरियन बोलीत कविताही लिहीत, त्यांनी खनिजे किती सहज वितळतात याची एक श्रेणी लावून दिली आहे. तिच्यात पहिल्या पायरीवर स्टिबनाइट हे अँटिमनीचे खनिज आहे, जे साध्या मेणबत्तीच्या ज्योतीतही वितळते. दुसरीवर नॅट्रोलाइट, तिसरीवर अल्मंडाइन गार्नेट, चौथीवर ॲक्टिनोलाइट, पाचवीवर ऑर्थोक्लेज फेल्डस्पार, सहावीवर ब्राँझाइट. आणि या साऱ्यांच्या पलीकडे, न वितळणारा म्हणून, क्वार्ट्झ. जशी आली तशी नळी वापरली तेव्हा गार्नेटचा बारीक कपचा लाल होऊन तसाच राहिला, म्हणजे माझी मजल दुसऱ्या पायरीपुढे गेलीच नाही. नवे छिद्र पाडल्यानंतर गार्नेट व्यवस्थित वितळले आणि ऑर्थोक्लेजच्या पातळ कपच्याची धार, बराच वेळ नेटाने फुंकल्यावर, गोलसर झालेली भिंगातून स्पष्ट दिसली. तीन पायऱ्यांचा हा फरक केवळ छिद्राचा आहे. विकणाऱ्याने एवढी काळजी घेतली असती तर या परीक्षणातील निम्म्या तक्रारी उरल्या नसत्या.

आता फुंकण्याविषयी, कारण संचाबरोबर आलेल्या चार पानी पत्रकात त्याबद्दल अवाक्षर नाही. छातीतून जोर लावून फुंकणाऱ्याला अर्ध्या मिनिटात चक्कर येते आणि ज्योतही तुटक राहते. खरी रीत अशी की गाल हवेने फुगवून ठेवायचे, श्वास नाकानेच चालू ठेवायचा आणि गालांच्या स्नायूंनी हवा नळीत सारत राहायची. गाल रिते होऊ लागले की घशातून त्यात आणखी हवा भरायची, पण नळीतला झोत क्षणभरही खंडित होऊ द्यायचा नाही. सनई वाजवणारे हेच करतात. मला हे जमायला तीन आठवडे लागले, तेही रोज दहा-पंधरा मिनिटे नुसत्या मेणबत्तीवर सराव करून. ज्यांना दम्याचा त्रास आहे त्यांनी या वाटेला न गेलेले बरे.

संचातला स्पिरिटचा दिवा मी पहिल्याच आठवड्यात बाजूला ठेवला. स्पिरिटच्या ज्योतीत कार्बनचे कण जवळपास नसतात, त्यामुळे तिच्यातून चांगली क्षपण ज्योत निघत नाही. बर्झेलियस हे थोर स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ तेलाचा दिवा वापरत आणि तोच सल्ला त्यांनी इतरांनाही दिला. मी एक मोठी पितळी पणती घेतली, तिळाचे तेल घातले, सुती कापडाची चपटी, जाड वात केली आणि तिचे टोक नळीच्या दिशेने उतरते कापले. या दिव्याची ज्योत कोणत्याही बाजारी दिव्याहून सरस ठरली. समईची बारीक वात मात्र पुरत नाही.

कोळशाची वीट हा या संचाचा सर्वांत कच्चा दुवा आहे. कोळशावर खनिज तापवण्याचा हेतू दुहेरी असतो: कोळसा स्वतः क्षपणाला हातभार लावतो, आणि उडून गेलेल्या धातूचे ऑक्साइड त्याच्या काळ्या पृष्ठावर थर म्हणून बसते, ज्याचा रंग आणि खनिजापासूनचे अंतर पाहून धातू ओळखता येतो. शिशाचा थर खनिजाजवळ पिवळा आणि कडेला पांढरट दिसतो, अँटिमनीचा दाट पांढरा, जस्ताचा तापलेला असताना पिवळसर आणि थंड झाल्यावर पांढरा, तर आर्सेनिकचा थर दूर जाऊन बसतो आणि लसणासारखा वास सोडतो. आता ही वीट भुकटी दाबून, काहीतरी चिकटवण घालून केलेली आहे. ज्योत लागताच तिला भेगा जातात आणि तिच्यावर पांढरी राख धरते, म्हणजे ज्या पांढऱ्या थराकडे पाहायचे तोच राखेत हरवतो. लाकडाच्या वखारीतून हलक्या, सलग धाग्याच्या लाकडाचा कोळसा आणून करवतीने त्याचे चौकोनी तुकडे केले, तेव्हा कुठे स्फॅलेराइट या जस्ताच्या खनिजाचा थर नीट दिसला. त्या थरावर कोबाल्ट नायट्रेटचा एक थेंब टाकून पुन्हा तापवले की तो गवतासारखा हिरवा होतो, आणि ही हिरवाई पाहण्यासारखी असते. मात्र ते द्रावण विषारी आहे, हे बाटलीवर लिहिलेले नाही.

नमुन्यांच्या कुप्यांमध्येच एक गंमत घडली. सहाव्या कुपीवर स्टिबनाइट असे लिहिले होते आणि आत करड्या, चकचकीत, बारीक ठेचलेल्या दाण्यांची चिमूट होती. स्टिबनाइट मेणबत्तीत वितळायला हवे, म्हणून एक दाणा चिमट्यात धरून ज्योतीत नेला, तर तो टणत्कार करून फुटला आणि उडाला. मग उरलेले दाणे सोड्यात मिसळून कोळशावरच्या खळग्यात ठेवले आणि क्षपण ज्योत लावली. दोन-तीन मिनिटांत सोड्याच्या बुडबुड्यांतून एक चकाकता थेंब वर आला, भोवती पिवळा थर पसरला आणि त्याबाहेर पांढरा. थंड झालेला मणी मी ऐरणीवर ठेवून हातोडीने ठोकला तेव्हा तो चपटा झाला, फुटला नाही, आणि कागदावर ओढल्यावर त्याने करडी रेघ काढली. अँटिमनीचा मणी ठिसूळ असतो, ठोकताच चुरा होतो. म्हणजे ते स्टिबनाइट नसून गॅलेना, शिशाचे खनिज होते. सोड्याचा उरलेला गोळा आजीच्या चांदीच्या रुपयावर ठेवून पाण्याचा थेंब टाकला, तर रुपयावर काळा डाग पडला. ही गंधकाची खूण. (डाग राखेने घासून निघाला, पण ते घरी समजायचे ते समजलेच.) विक्रेत्याला कळवले, त्याने दुसरी कुपी पाठवली, आणि तिच्यातला दाणा मेणबत्तीत लोण्यासारखा वितळला. ज्या संचाने आपल्याच विक्रेत्याची चूक पकडून दिली त्याला मी सर्वस्वी टाकाऊ म्हणू शकत नाही.

टाकणखाराच्या मण्याची परीक्षा बहुतेकांना शाळा-महाविद्यालयातून आठवत असेल. तारेच्या टोकाला बारीक वेढा करून, तो तापवून टाकणखारात बुडवायचा, पुन्हा तापवायचा, म्हणजे टाकणखार आधी फुगून मग काचेसारखा पारदर्शक मणी बनतो. त्यात खनिजाची अगदी कणभर पूड विरघळवली की रंग चढतो. कोबाल्टचा मणी दोन्ही ज्योतींत गडद निळा, क्रोमियमचा हिरवा. मँगनीजचा मणी ऑक्सिडीकरण ज्योतीत जांभळा आणि क्षपण ज्योतीत रंगहीन होतो, आणि हा रंग हवा तितक्या वेळा घालवून परत आणता येतो. भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्ग खाणीकडून आलेल्या काळ्या मँगनीज धातुकाचा माझ्याकडे एक तुकडा होता. त्यावर हा खेळ मी पुरता तासभर केला असेन. त्याच पुडीत सोडा आणि चिमूटभर सोरा घालून वितळवले, तर मण्याचा रंग निळसर हिरवा आणि अपारदर्शक झाला, जो मँगनीजची पक्की खूण मानला जातो. मात्र संचातली नायक्रोमची तार या कामाला योग्य नाही. तिच्यात निकेल आणि क्रोमियम असल्याने, काहीही न घातलेला मणीसुद्धा जास्त तापवला की मळकट छटेचा होतो, आणि फिकट रंगाचा निर्णय मग करता येत नाही. प्लॅटिनमची तीन इंच तार वेगळी विकत घ्यावी. महाग पडते, परंतु जपून वापरली तर पुष्कळ वर्षे टिकते. तिच्यावर शिसे, अँटिमनी किंवा आर्सेनिक असलेले खनिज कधीही तापवू नये, कारण त्यांच्याशी प्लॅटिनमचा मिश्रधातू होऊन तार तुटते. सोनारी टाकणखार, ज्याला दुकानात सवागी म्हणतात, तो संचातल्या बाटलीतल्या पुडीइतकाच चांगला निघाला.

सिंधुदुर्गातल्या रेडीच्या लालसर लोहखनिजावर केलेली परीक्षा सर्वांत सोपी. मुळात चुंबकाला न चिकटणारा हेमाटाइटचा कण क्षपण ज्योतीत चांगला तापवून थंड होऊ दिला की तो चुंबकाकडे उडी मारतो. शाळेतल्या मुलांना दाखवायचे असेल तर येथूनच सुरुवात करावी.

आता ज्यासाठी मी हा संच मुळात घेतला त्याकडे वळतो. पुण्याच्या आसपासच्या दगडखाणींत, पाषाणला, वाघोलीला, आणि घाटाच्या कातळात जे पांढरे, हिरवट, गुलाबी स्फटिक सापडतात त्यांतले बरेच झिओलाइट गटातले किंवा त्यांच्या सोबतचे आहेत, आणि त्यांच्यातल्या कित्येकांची नावे थेट फुंकनळीतून आलेली आहेत. स्वीडनच्या ॲक्सेल क्रोनस्टेट यांनी १७५६ मध्ये एक खनिज नळीच्या ज्योतीत धरले, तर ते उकळल्यासारखे फसफसले. म्हणून ग्रीक शब्दांवरून त्याला 'उकळणारा दगड' अशा अर्थाचे झिओलाइट हे नाव दिले. याच क्रोनस्टेट यांनी त्याआधी, १७५१ मध्ये, निकेल हा धातू शोधला होता. ॲपोफिलाइट हे नाव फ्रान्सच्या आयुई यांनी १८०६ मध्ये दिले, कारण तापवताच त्याचे पापुद्रे सुटतात. आणि स्कोलेसाइट हे १८१३ मधले नाव कृमी या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले, कारण त्याची सुई ज्योतीत अळीसारखी वळते. आपल्या डोंगरातल्या खनिजांची ही तिन्ही नावे युरोपातल्या प्रयोगशाळांत ठरली, परंतु त्यांचा अर्थ पाषाणच्या दगडावर आजही पडताळून पाहता येतो.

मी तो पडताळला. पाषाणच्या हिरव्या ॲपोफिलाइटचा कपचा एका बाजूने बंद असलेल्या काचनळीत तापवला, तेव्हा तो पांढरा पडला, पुस्तकाची पाने सुटावीत तसा थरांनी उलगडला आणि नळीच्या वरच्या थंड भागात पाण्याचे थेंब जमले. ते पाणी निळ्या लिटमसला लाल करते, कारण त्यात फ्लोरिन असते. दुसरा कपचा चिमट्यात धरून ज्योतीत नेला, तर तो फुगत वितळून पांढरे, सच्छिद्र इनॅमल झाला. त्यातल्या पोटॅशियमची जांभळी छटा उघड्या डोळ्यांना दिसली नाही, कारण बोटांच्या घामातले सोडियमच सगळी ज्योत पिवळी करते; निळ्या काचेतून पाहिल्यावर ती दिसली. म्हणजे संचातली निळी काच उपयोगाची आहे, हे नमूद केले पाहिजे. स्टिलबाइट हा झिओलाइट पंख्यासारखा फुगून पसरला. स्कोलेसाइटच्या बाबतीत मात्र तीन सुया तापवल्या तेव्हा एकच अळीसारखी वळली, बाकीच्या दोन नुसत्या किंचित फुगून वितळल्या, आणि हे जुन्या निरीक्षणांशी सुसंगतच आहे, कारण सगळ्याच स्कोलेसाइट वळत नाहीत.

पण येथेच उपकरणाची मर्यादाही सांगितली पाहिजे. क्वार्ट्झ आणि ॲपोफिलाइट, कॅल्साइट आणि झिओलाइट यांतला भेद ही नळी एका मिनिटात करते: क्वार्ट्झ वितळत नाही, कॅल्साइट न वितळता लख्ख पांढरे तेजाळते आणि ज्योतीला विटकरी लाल रंग देते, झिओलाइट फुगून वितळतो. परंतु स्टिलबाइट आणि ह्यूलँडाइट यांच्यातला, किंवा स्टिलबाइट आणि स्टेलेराइट यांच्यातला निवाडा तिच्याकडून होणार नाही. हे सगळे झिओलाइटच, सारखेच फुगतात, सारखेच वितळतात. तेथे क्ष-किरणांचीच परीक्षा लागते. दुकानाच्या जाहिरातीत 'कोणतेही खनिज ओळखा' असे म्हटले आहे, ते चूक आहे.

तरीही या साध्या नळीचा पल्ला कमी लेखण्याचे कारण नाही. बर्झेलियस यांनी १८२० मध्ये फुंकनळीवर ग्रंथ लिहिला तेव्हा त्यांनी आपले गुरुतुल्य सहकारी गान यांच्याविषयी नोंदवले आहे की कागदाचा पाव ताव जाळून उरलेल्या राखेतून ते तांब्याचे डोळ्यांना दिसणारे कण काढून दाखवत. पुढे जर्मनीतल्या फ्रायबर्गच्या खाण-अकादमीत प्लाटनर यांनी या नळीने धातूंचे प्रमाणही मोजण्याची पद्धत बसवली. त्या काळच्या जुन्या संचांची चित्रे पाहिली की मखमली खणांत बसवलेली चिमटे, तराजू, तारा पाहून हेवा वाटतो. माझ्या संचात फोमचे खण आहेत आणि तीन बाटल्या त्यात बसतच नाहीत.

सावधगिरीचे दोन शब्द: आर्सेनिक, शिसे किंवा पारा असण्याची शंका असलेले खनिज बंद खोलीत तापवू नये, आणि ॲपोफिलाइटसारखी तडतडणारी खनिजे तापवताना चष्मा लावावा, कारण तापलेला कपचा डोळ्यापर्यंत सहज उडतो. संचात चष्मा दिलेला नाही.

ज्यांना घेण्याची इच्छा आहे त्यांनी पूर्ण संचाच्या भानगडीत न पडता सुटी नळी मागवावी. ती बऱ्याच ठिकाणी तीन-चारशे रुपयांत मिळते. छिद्र सोनाराकडून बारीक करून घ्यावे, दिवा पणतीचा, कोळसा वखारीचा, टाकणखार सोनारी आणि सोडा वाण्याकडचा धुण्याचा घ्यावा. कोबाल्ट काच आणि मायक्रोकॉस्मिक सॉल्ट एवढेच प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानातून आणावे लागेल. मी पाचांपैकी नळीला साडेतीन, काचेला चार, कुप्यांना दोन आणि कोळशाच्या विटेला शून्य गुण देईन. त्या विटांचे शेवटी काय केले असे कोणी विचारील, तर गेल्या महिन्यात बाल्कनीतल्या शेगडीत त्यांच्यावर वांगे भाजले, आणि ते उत्तम भाजले गेले.